पडद्यामागचा तीन नंबर

...आन् परत चालू केला की हो टीव्हीवाल्यांनी! बंद पडलाय तर पडू द्या की, पन न्हाई! तुमाला सांगतो, कार्यक्रम काय, तर मधी पडदा, अलीकडं एक पोरगी, पलीकडं लग्नाची तीन पोरं. तिनं प्रश्न इचारायचे, नुसत्या आवाजावरनं एकाला निवडायचं, मग पडदा वर! नाव, आडनाव, गाव कायबी सांगायचं न्हाई. अवो, आमच्या कर्जतात यष्टीत शेजारी बसलेला मानूससुदीक पयलं आडनाव इचारतो!

पयल्यांदा गेलो तवा मी ऐन पंचविशीत, तीन नंबरच्या खुर्चीवर. पोरगी म्हनली, "मी रुसले तर काय कराल?" मी म्हनलं, "डाळिंबाच्या बागंत बसवीन, राग गेला की जेवायला हाक मारीन." निवडलं की मला! पडदा वर, टाळ्या, वरनं फुलं... आन् आमची आई, केशरबाई, प्रेक्षकांतनं उठली. "बाळ, तुमचं देवक कंचं गं?"

"कळंब."

"अगं बया! आमचंबी कळंबच!" झालं! एकच देवक म्हंजी भाऊभैन. बक्षीस काय, तर जोडप्याला भंडारदऱ्याची सहल. गेलो. तिनं धरनावर मला राखी बांधली. कॅमेऱ्यासमोर!

पुढं कार्यक्रम बंद पडला. म्हनलं, सुटलो... तर परत चालू केला की हो! टीव्हीवाल्या एका गोड बाईंचा फोन. "नव्या ढंगात, सर! प्रेक्षक तुम्हाला विसरलेले नाहीत!" ह्या खेपंला आई हुशार. म्हनली, "मी पोरीच्या मावशीशेजारी बसून देवक काढती. जमत नसलं तर डोक्यावर पदर घेईन, तू वंगाळ बोल."

तुमाला खरं सांगतो, ती पोरगी मला लई आवडली हुती. तोंड दिसलं नव्हतं, पन हसायची कसली! तेवढ्यात बघतो, तर आईच्या डोक्यावर पदर! काळजावर दगड ठेवला आन् म्हनलं, "मी अंगोळ सनासुदीलाच करतो." तिनं एक नंबर निवडला. भिंगारात संसार हाय त्यांचा, दोन पोरं हायेत.

भाईर आल्यावर म्हनलं, "आई, यांचंबी कळंबच का गं?"

"न्हाई रं, येगळं हाय की!"

"मग पदर?"

"आरं, त्या एशीत केवढं गार लागतंय!"

एशीपायी गेली की हो पोरगी! तो कार्यक्रमबी बंद पडला, मीबी गप शेतात... आन् आता परत चालू केला की हो! मी चाळिशीला टेकलो. त्याच गोड बाईंचा फोन. "सर, लोकांना तुम्हीच हवे आहात. यंदा तुम्ही आमचे कायमचे तीन नंबर. महिन्याला पगार!"

आई देवापुढं साखर ठिवून रडली. रडंलच की, इतकी वर्सं एकच ऐकत हुतो, पोराला नोकरी न्हाई, शेतीवाल्याला पोरगी द्यायची न्हाई. आता लागली नोकरी! टीव्हीत! म्हनलं, "म्याडम, येतो. तेवढं लग्नाचं बघायला रजा मिळंल ना?"

"अहो सर, असं कसं? लग्न केलंत तर नोकरी जाईल की!"

उद्यापासनं हजर व्हायचंय.