काल कोल्हा गेला पलीकडे

नाही गं, पुलावरून नाही काढलेला तो फोटो — सगळे पुलावरच जाऊन उभे राहतात, बोटं गोठवून घेतात आणि मग मला येऊन विचारतात, मावशी, खिडकी दिसत नाही हो तिथून. दिसेल कशी? तो खाडीतून काढलाय. नदी येऊन मिळते ना खाडीला, तिथलं पाणी गोठतं, त्या बर्फावर पार मधोमध उभं राहून. बस, बस ना, बूट नंतर घाल. अकरापर्यंत धड उजेड नसतो, आणि डोंगर काय पळून जाणारेत? वाफल घे, वर ते तपकिरी चीज घाल — लाज कसली त्यात! हां. आता ते कार्ड दाखव बघू. ही खिडकी बघितलीस? एवढ्या निळ्या बर्फात हा पिवळा ठिपका? हीच ती. तू जिला टेकून बसलीयस तीच. माहीत नव्हतं ना? कुणालाच नसतं. कार्डाच्या मागं नाव तुरिदचं आहे, आणि तुम्ही सगळे आमच्याकडे उतरता, माझ्या हातचं खाता आणि विचारता, तुरिदबाई कुठं राहतात?

राहते की, पलीकडच्या काठाला, त्या लाल घरात. इथली नाही ती, बर्गनची. शाळेत शिकवायला आली, एकोणीस वर्षं झाली त्याला. पहिल्या हिवाळ्यात बाईसाहेब गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर पडल्या आणि दहा मिनिटांत बॅटरी मेली म्हणून रडकुंडीला आल्या. मी शिकवलं तिला. बॅटरी काखेत ठेवायची. भिंगावर श्वास सोडायचा नाही. बाहेरून आल्यावर कॅमेरा थेट चुलीपाशी न्यायचा नाही, पिशवीत बांधून दारातल्या खोलीत ठेवायचा, नाहीतर आतून दव धरतं. वारा कुठून फिरला की ढग फाटतात, हे मी सांगितलं — मी इथं जन्मले बाई, चौदाव्या वर्षापासून माझ्या हातात कॅमेरा आहे, वडिलांनी घेऊन दिलेला. सहा हिवाळे आम्ही दोघी बरोबर फिरलो. ती भलतीकडेच तोंड करून उभी राहायची, मी खांदे धरून वळवायचे तिला, आणि ती हसायची. छान हसते ती. अजूनही.

मग आईचं दुखणं आलं. पोटाचा कर्करोग. सगळा काळोखाचा हिवाळा — सूर्यच उगवत नाही ना तेव्हा, दुपारी दोन-तीन तास तो निळा उजेड, बस्स — मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. तुरिद माशांचं सूप आणून द्यायची आणि म्हणायची, गुनवोर, तू नाहीस तर मी पण नाही जात. मीच म्हटलं, जा गं, एकीनं तरी जावं. मीच म्हटलं. आणि त्यातल्याच एका दुपारी तिनं बर्फावर उभं राहून हा फोटो काढला. मी इथं, तू बसलीयस तिथं, आईला चमच्यानं पाणी पाजत होते. दिवा त्यासाठी लावलेला. ओस्लोच्या प्रदर्शनात लागला तो, मग विमानतळाच्या भिंतीवर, मग कॅलेंडरं, मग ही कार्डं. नाव काय दिलंय वाचलंस? ‘शांतता’. शांतता! आत माझी आई उशी चावत होती, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. 

तसं नाही, मला दाखवला होता तिनं. सगळ्यांत आधी मलाच. बघ, तुझं घर, म्हणाली, डोळ्यांत पाणी आणून. मी म्हटलं, क्षितिज वाकडं आलंय. — नव्हतं आलं. काही वाकडं नव्हतं. मी पन्नास वर्षं बघितलेली खाडी, आणि मला ती अशी कधी दिसली नव्हती. बाहेरून आलेल्या बाईला दिसली! माझी खिडकी, माझा दिवा, माझ्या आईचा शेवटचा महिना, आणि नाव तिचं. त्यात आमचा हालगाइर, नवरा माझा — त्यानं तोच मोठा करून आणला आणि पलंगाच्या वर टांगला. म्हणे, आपलंच तर घर आहे. मी रोज रात्री त्याच्याखाली झोपते.

बर्फावर? तू? आज जायचं तर मी सांगेन तिथूनच जा, किनारा धरून, हालगाइर काठी घेऊन येईल बरोबर. आधी आठवडा कसा गेलाय ते बघावं लागतं. चार वर्षांपूर्वी काय झालं — फेब्रुवारी होता, दोन दिवस पाऊस पडला, मग पुन्हा कडाका आणि वरून ताजा बर्फ. दिसायला काय सुंदर! पण अशा वेळी नदी खालून बर्फ खाते. तुरिदचा फोन आला. गुनवोर, धरेल का गं आज? तिला दुसरं कोण होतं विचारायला? आणि मी म्हटलं — मी म्हटलं, काल कोल्हा गेला पलीकडे. खोटं नव्हतं ते. गेला होता कोल्हा, पावलं होती सरळ रेषेत. कोल्ह्याचं वजन किती असतं, ते नाही मी बोलले. ती म्हणाली, वा, मग जाते.

छातीपर्यंत गेली आत. मी फळी घेऊन धावले, पोटावर सरपटत गेले, दोर टाकला, ओढून काढलं तिला. वर्तमानपत्रात आलं होतं, ‘शेजारणीनं वाचवले प्राण’. माझा फोटो, हातात दोर. तेवढा एकच माझा छापून आलाय — काय? इतक्या लवकर कशी पोचले? अगं, दोर दारातच असतो. मासे धरणाऱ्यांचं घर आहे, दोर असणारच... अशी काय बघतेस? नव्हता दारात. मांडीवर होता. फोन ठेवला तेव्हाच मी बूट घातले, फळी पायरीला लावली, दोर घेतला आणि ह्याच खिडकीत येऊन बसले. ती एवढ्याशा ठिपक्यासारखी मधोमध चालत येत होती. दार उघडून नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. मला फक्त तिचा कॅमेरा जायला हवा होता. पाय ओले व्हावेत, कॅमेरा जावा, एवढंच. मेली असती तर... नसती मेली, मी होते ना! मी होते म्हणून तर — हे मी हालगाइरला पण नाही सांगितलेलं.

डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. गारठा सोसत नाही आता तिला, हिवाळ्यात बाहेर पडणं बंद. बरी झाल्यावर केक करून आणलान, आणि तिचा तो भारी तिपाई स्टँड माझ्या हातात दिलान. म्हणाली, आता तू काढ, माझ्या वाटचं पण. गळ्यात पडून रडली. आणि मी काढते. चार हिवाळे रोज जाते. बर्फ नीट बघून, तिच्याच जागी उभी राहते, त्याच वेळेला. हालगाइरला इथं बसवते, दिवा लावायला लावते. काय येतं माझ्या फोटोत? घर येतं. एक खिडकी, आत वीज चालू. बस्स. तुरिदला दाखवले तर म्हणते, छान आहेत गं — लहान मुलांना म्हणतात ना तसं. ती काढत नाही, मैदान माझ्या एकटीचं आहे, तरी तुम्ही तिचंच घर विचारता. आणि मला अजूनही, देवाशपथ सांगते, तिनं तो फोटो काढला त्या दुपारचा राग येतो. दोर टाकण्याच्या आधी क्षणभर थांबले होते मी. क्षणभरच. ती माझ्याकडे बघत होती, ओरडली नाही. तिनं कधी विचारलं नाही मला, का थांबलीस. कधीच नाही.

ए — काय करतेयस? कॅमेरा खाली ठेव. उजेड चांगला पडलाय म्हणे तोंडावर! माझ्या? नको म्हटलं ना. खाली ठेव तो. ऊठ, घाल बूट, नीघ. किनारा धरून जा.