करवंदीमागचं दबलेलं गवत

कुळगावच्या दवाखान्यात नीलिमा बाळाला मांडीवर थोपटत नंबराची वाट बघत होती. समोरच्या बाकावर चंदर, त्याचा धाकटा भाऊ हरी आणि चंदरची बायको वेणू बसले होते. वेणूच्या खांद्यावर रडून रडून झोपलेलं लेकरू.

"दादा, भेकराची जागा घावली बघ. ओढ्यापल्याड, करवंदीच्या जाळीमागं."

"भर पावसात शिकारीला जातोस काय येड्या?"

"आता नुसतं हेरून ठेवायचं. दिवाळी झाली की बंदूक घेऊन बसायचं."

"भेकरच कशावरून?"

"लेंड्या ताज्या हायत, कवळा पाला खाल्लाय. नि गवत असं गोल दबलंय, रोज येऊन निजतंय ते."

"भावजी, लेंड्या आपल्या शेळीच्या."

"वयनी, तुला काय कळतंय शिकारीतलं?"

"गवत मीच दाबलंय. लाकडं तोडून होईपर्यंत ह्या लेकराला तिथं निजवते."

नीलिमाचा थोपटणारा हात थांबला.

"रोज, वयनी?"

"रोज. दिवस बुडेपर्यंत."

"हरी, तिथं बसून कसं मारणार होतास तू?"

"अंधारात जनावर दिसत नाय, दादा. गवत हललं की बार काढायचा, असं ठरवलं होतं मी."