चावी समोर पाहिजे

माह्यं नाव धर्मा, आमचा तांडा फुलसावंगीच्या अलीकडं, नाल्याच्या पल्याड. आमचे आजे-पणजे बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलखामुलखात फिरत, असं बा सांगे, मी काही ते पाह्यलं नाही. मी पाह्यलं ते वावर, काळी जमीन, कापूस, जवारी, अन् बाची पांढरी जोडी. बा माणसाशी कमी बोले, बैलाशी जास्त. याडी म्हणजे माह्यी माय, ते म्हणे, मले काही सांगाचं असलं तं हा बुढा बैलाले सांगते, मंग मी ऐकून घ्याचं.

मी उमरखेडले जिनिंगच्या ट्रकवर क्लीनर होतो, तिथं एक उस्ताद भेटला, त्याच्या हाताखाली डायवरी शिकलो. मुंबई राज्यात आपण गेलो ना, त्याच्या मागंपुढं आमच्या तांड्यात सोसायटी निघाली. साऱ्यायचे वावर एकात, एक ट्रॅक्टर, अन् बैल ठेवाचे नाहीत, काहून का चाऱ्याच्या जागेवर कापूस घ्याचा. तांड्याचा नायक चेअरमन झाला अन् मी डायवर झालो. पाहुणे आले, चावी फिरवली, दगड बसवला, भाषण झालं का आजपासून बैल मुक्त झाला. बैलाले कोणी विचारलं नाही, जी. बानं जोडी ढाणकीच्या बाजारात नेली. जातानी मोठ्या तोऱ्यात गेलता, म्हणे पोरगं मशीनवर बसते तं मी कायले शेण काढू. आला तवा दोर तसेच खांद्यावर होते, अन् जेवला नाही.

आता स्विचचं सांगतो, मास्तर, तुम्ही त्याच्यासाठीच आले. ते ट्रॅक्टर रॉकेलवर चाले, पन ठिणगी लागे बॅटरीची, अन् त्या ठिणगीची चावी होती स्टेरिंगच्या खाली, पत्र्यावर, आभाळाकडं तोंड करून. ज्यानं बनवलं त्याच्या मुलखात पाऊस आडवा पडत असन नाहीतं पडतच नसन, मले काय माहीत. पावसानं बिघडन हे तं मले समजत होतं, पन पह्यल्यांदा ते बिघडलं पोळ्यानं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलानं वर्षभर जू वाह्यलं म्हणून त्याच्या खांद्याले तूप-हळद चोळाची अन् त्याच्या कानात म्हणाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तांड्यात एक बैल नाही. मंग सारे म्हणाले, वावर तं यानं वाह्यलं, याचीच मळा. पन ट्रॅक्टरचा खांदा कोणता? याच्यावर अशी बैठक बसली का काय सांगू तुम्हाले. नायक म्हणे मोठ्या चाकावर. कोणी म्हणे नाकाडावर. बा म्हणे, जिथून त्याले वळवता, खांदा तिथंच असन. झालं. स्टेरिंगखाली बानं पावशेर तूप चोळलं, हळद चोळली, वरून लोटाभर पाणी घातलं, अन् वाकून आवतन देल्लं. दुसऱ्या दिवशी जेवाले उठलंच नाही ते. स्विच खोलला तं आत पिवळं वरण.

मी उमरखेडले गेलतो उस्तादाकडं. उस्ताद चहा पीत म्हणे, अबे, पानी ऊपर से आता है, तू इसका मुँह नीचे कर दे, इतनी सी बात पे इतनी दूर आया. मंग मी स्विच तिथून काढला, सीटच्या खाली, चासीच्या आतल्या बाजूनं, तोंड जमिनीकडं करून बसवला. वायर लांब केली, सायलेन्सरपासून दूर बांधली, पत्र्याच्या भोकात रबर घातलं का घासून कापू नये. वर तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून टोपी केली, सांधीत डांबर भरलं, चावीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लोंबता ठेवला. जुन्या भोकावर पत्रा ठोकला अन् बाले सांगतलं, हा तुह्या ट्रॅक्टरचा खांदा, मळ किती मळाचा तं. त्याच्यानंतर पाऊस असो का पोळा, ट्रॅक्टर बंद पडलं नाही. मी सीटखाली हात घालून चालू करो, पोरी हासत, धर्मा पायतन शोधते म्हणून.

मंग महाराष्ट्र झाला. ट्रॅक्टर जुनंच, वावर जुनंच, पन राज्य नवं, म्हणून उद्घाटन नवं. आता वाईट कोणाले म्हणू, नायकाचं मन खोटं नोतं. आमच्या तांड्याले रस्ता नोता, त्याले वाटे मोठा पाहुणा एकडाव इथं येऊन चिखलात उतरला का रस्ता होते. ट्रॅक्टरले लाल रंग देल्ला. अन् मंग मले बोलावलं अन् म्हणे, चावी समोर पाहिजे.

मी म्हणलं, नायक, सीटखालीच राहू द्या, पेराचे दिवस आहेत.

"पाहुणा वाकून सीटखाली हात घालन काय? फोटू निंघते त्याचा."

पुन्हा स्विच वर आणला, टोपी काढली, ट्यूब काढली, काहून का चावी दिसली पाहिजे. अन् दुसरं असं का पाहुण्यानं नांगराचं पह्यलं तास काढल्याशिवाय ट्रॅक्टर वावरात घालाचं नाही, रंग खराब होते. पाहुण्याचा निरोप आला सोमवारी येतो. मंग आला, पुढच्या आठवड्यात येतो. एवढ्यात पाऊस पडून गेला, उघडला, वाफसा झाला, जमीन अशी झाली का मूठभर घेतली तं हाताले सांगे, आता पेर. बा रोज धुऱ्यावर जाऊन माती चोळून पाहे अन् माह्याकडं पाहे. मी नायकाकडं जाओ. नायक म्हणे उद्या. पुन्हा पाऊस आला. ट्रॅक्टर उघड्यावर. मी म्हणलं निदान ताडपत्री तं द्या. तांड्यात ताडपत्री एक होती, ते मांडवावर होती, पाहुण्याच्या खुर्चीवर.

आला शेवटी. मी स्विच धोतराच्या कोरड्या सोग्यानं पुसला, फुंकला, पुन्हा पुसला. पाहुण्याच्या हातात नारळ देल्ला, अन् फोडाले दगडच कोणी आणला नाही. त्यानं इकडंतिकडं पाह्यलं अन् स्टेरिंगखालच्या लोखंडावर हाणला. सारं पाणी चावीच्या भोकात. मी पुढं झालो तं पोलिसानं मांगं लोटलं. पाहुण्यानं चावी फिरवली. आतून तडतड झालं अन् बोनेटखालून धूर निंघाला, चांगला ढगावानी. लोकायनं टाळ्या वाजवल्या. त्यायले वाटलं चालू झालं. पाहुण्यालेही वाटलं. फोटू निंघाला, हार झाले, अन् तो गेला.

वायर, कॉइल, सारं जळालं. हँडल मारून मारून माह्ये खांदे गेले, ठिणगीच नाही तं करता काय. नागपूरले सामान नोतं, म्हणे मुंबईहून येईन. तांड्यात बैल नाही, आजूबाजूच्या गावचे बैल आपापल्या वावरात. याडीनं अन् माह्या बायकोनं हातानं टोबून जेवढं झालं तेवढं लावलं, बाकी काळं तसंच राह्यलं, मंग हिरवं झालं, गवतानं. सामान आलं तवा दुसऱ्याच्या वावरात कापूस गुडघ्याले आलता.

बा मले काही बोलला नाही. बोलला असता तं बरं होतं. बैल नोता ना घरी, बोलाचं कोणाशी.

सोसायटी बुडाली, ट्रॅक्टर लिलावात गेलं. वावर आमचं आम्हाले वापस भेटलं, पन रिकाम्या हातानं वावराचं काय करता, बटईनं दुसऱ्यायले देल्लं. बैल त्यायचे, बियाणं त्यायचं, अन् माह्याच वावरात मी रोजानं जातो. रस्ता अजून नाही, तुम्ही चिखलातूनच आले. बा आता थकला, ध्यान राहत नाही. दिवसभर त्या बाभळीखाली बसून राह्यते अन् डवरणी चालू असली का मले इचारते, धर्मा, कोणाचे बळद रे हे? मी म्हणतो, लोकायचे बैल हायेत, बा. मंग म्हणते,

"लोकायचे असन तं असन. उन्ह किती झालं, पाणी दाखव त्यायले."

मंग मी बादली घेऊन जातो. तुम्ही बसा, मास्तर, भाकर खाऊन जा. सुखी राहा.