फाटकावरची पाटी

ओक्लाहोमातल्या आमच्या गावात टायरवाल्याकडे गाडी देऊन मी बाकावर बसलो होतो. शेजारी म्हातारा व्हर्लिन आणि त्याचा मित्र हॉइट बोलत होते.

“व्हर्लिन, तुझ्यासारखी पाटी मीही लावणार फाटकावर. ‘या घरात बंदुका आहेत. पाय टाकाल तर परत जाणार नाही.’”

“नको लावूस, हॉइट.”

“अरे, अकरा वर्षं तूच मिरवलीस की!”

“काल काढून टाकली.”

“का? बायको ओरडली?”

“मार्चमध्ये आम्ही चर्चला गेलो असताना घर फोडलं, आठवतंय?”

“हो तर. टीव्हीला हातसुद्धा लावला नव्हता म्हणे.”

“हिच्या अंगठ्याही तशाच होत्या. सरळ कपाट फोडलं आणि चारही बंदुका नेल्या. पाटी वाचूनच आले होते रे.”

“गेल्या तर गेल्या. नव्या घे.”

“पेट्रोल पंपावरची ती जोलीन...”

“तिचं काय मध्येच? बिचारीला पुरून आठवडा नाही झाला.”

“माझ्या बंदुकीनं मारलं तिला.”

“काहीतरीच काय बोलतोस!”

“बंदुकीचा नंबर जुळला. काल शेरीफ घरी येऊन सांगून गेला.”

“अरे देवा! तिच्या आईला कळलंय?”

“नाही. मीच सांगतो म्हटलं. आता तिकडेच निघालोय.”

“तू कशाला? चोरी काय तू केलीस?”

“पत्ता तर मीच दिला ना त्यांना.”

आतून मिस्त्रीनं हाक मारली, “व्हर्लिन, गाडी तयार आहे!”

हॉइटनं व्हर्लिनला दंडाला धरून उभं केलं.

“चल. गाडी मी चालवतो.”