उभ्या ठेवलेल्या वल्ह्याबाबत पुरवणी जबाब

नाव: पासपोर्टावर आहे तेच, त्याची प्रत अधिकारीबाईंनी फाइलला लावली आहे. नदीवर मला सगळे भिंगरी म्हणतात.
वय: चोवीस. शिक्षण: नववी, तीही अर्धी.
धंदा: उन्हाळी हंगामापुरता सुरक्षा कयाकवाला.
राहणार: नदीकाठचा कॅम्प, खोली तीन, बहीण व दाजींच्या खोलीला लागून.

आज दुपारी एक वाजता ठाण्यात बसून मी माझ्या हाताने लिहून देतो की, परवा संध्याकाळी मी याच टेबलावर एक जबाब दिला होता. त्यात खोटे काही नाही, पण एक गोष्ट सुटली आहे. इथली भाषा मला बोलता येते, लिहिता येत नाही, म्हणून माझ्या भाषेत लिहितो. दुभाषीबाई भाषांतर करतील. अक्षराला हसू नये.

माझे काम असे. राफ्टमध्ये सहा पाहुणे आणि एक गाइड असतो. मी एका माणसाच्या छोट्या होडीत, कयाकमध्ये, त्यांच्या पुढे जातो. जिथे पाणी दगडांतून फेसाळत खाली जाते तिथे आधी मी उतरतो, वाट मोकळी आहे का बघतो आणि वल्ह्याने सांगतो. वल्हे डोक्यावर आडवे धरले तर थांबा. उभे धरले तर या. काहीच दिसले नाही तरी थांबा. पाण्याच्या आवाजात तिथे दुसरी बोली चालत नाही. म्हणून आमच्याकडे काठावर कोणीही वल्हे उभे करून ठेवत नाही. पाणी प्यायला बसला तरी वल्हे जमिनीवर आडवे. पहिल्याच दिवशी मी ते झाडाला टेकवले, तर दाजींनी लाथेने पाडले. म्हणाले, "काठी आहे का ती? तोंड आहे ते तुझं. उगाच उघडं टाकू नकोस."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परवाच्या राफ्टचे गाइड तेच. या नदीवर त्यांचा हा एकोणिसावा उन्हाळा. ताई कॅम्पची गाडी चालवते, पाहुण्यांना वर सोडते आणि खालून घेऊन येते. मी घरी कुठे टिकत नव्हतो. गॅरेज झाले, बेकरी झाली, फरशीवाल्याकडे झाले. तेव्हा ताई आईला म्हणाली, "पाठव त्याला इकडे. कयाकमध्ये कंबरेपर्यंत अडकवून टाकतात, निदान एका जागी बसेल तरी."

घटना जिथे घडली त्या जागेला आम्ही 'जातं' म्हणतो. मधोमध मोठा खडक आहे, पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी जाते. वरच्या धरणातून रोज दहाला पाणी सोडतात, ते जात्यापाशी साडेदहाच्या सुमाराला चढायला लागते. मी खडकाच्या खालच्या अंगाला उतरतो. वरून बघणाऱ्याला तिथे माणूस दिसत नाही, वल्ह्याचे वरचे पाते तेवढे दिसते. दाजी ते पाते बघूनच राफ्ट सोडतात.

खडकाच्या मागे, पाण्याच्या कडेला, एक गोल खड्डा आहे. आतून रांजणासारखा गुळगुळीत. तळाशी मोसंब्याएवढा दगड. पाणी चढले की तो दगड आत फिरतो आणि त्यानेच हा खड्डा कोरला आहे, असे दाजींनी सांगितले होते. मला ते पटत नव्हते. दगड दगडाला कसा कोरेल? आणि फिरत असेल तर कुठल्या बाजूने? अकरा दिवस मी बघायला टपलो होतो. पण खड्ड्यात पाणी शिरायला आणि राफ्ट यायला एकच वेळ व्हायची.

परवा एका पाहुण्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला म्हणून दाजी वर थांबले होते. मी दहा पस्तीसला खडकाला लागलो. कयाक वर ओढली. आधी खडकावर चढून खालची वाट बघायची असते. ती मी बघितली नाही. थेट खड्ड्यापाशी गेलो आणि पोटावर झोपलो. पाण्यावर ऊन चमकत होते म्हणून दोन्ही हातांनी आडोसा केला. दगड फिरत होता. घड्याळाच्या उलट्या बाजूने. मी फेऱ्या मोजल्या. बावीसपर्यंत आलो तेव्हा दाजींची धोक्याची शिटी ऐकली.

उजव्या अंगाला आदल्या रात्रीच्या वाऱ्याने झाड आडवे पडले होते. राफ्ट त्यावर जाऊन आदळली आणि एका अंगावर उभी राहिली. पाच पाहुणे पाण्यात पडले, त्यांना मी एकेक करून काठाला लावले. सहावे, रिटायर झालेले पोस्टमन, त्यांचा पाय फांदीत अडकला होता. दाजींनी त्यांचे डोके पाण्यावर धरून ठेवले. मी कयाकमधली करवत घेऊन पोहोचेपर्यंत आणि फांदी कापेपर्यंत नऊ मिनिटे गेली. पोस्टमनचा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. कालपासून ते दवाखान्यात बोलू लागले आहेत आणि आपली टोपी कुठे आहे असे विचारत आहेत.

परवाच्या जबाबात मला विचारले, तू संकेत दिलास का? मी म्हणालो, नाही. दाजींना विचारले, संकेत नसताना राफ्ट का सोडली? ते म्हणाले, वल्हे उभे होते. दोघांची वाक्ये एकमेकांशी जुळत नव्हती. दाजींचे गाइडचे लायसन काढून घेतले आणि त्यांना इथेच ठेवले. बाहेर पॅसेजमध्ये दाजी मला म्हणाले, "खरं सांग रे, वल्हं उभं केलं होतंस ना?"

"नाही दाजी. शपथ."

"मग मला काय दिसलं?"



काल सकाळी आठला मी त्यांचे कपडे घेऊन आलो. दाजींनी रात्रभर विचार केला होता. म्हणाले, "माझे डोळे गेले असतील. सेहेचाळीस म्हणजे काय कमी वय झालं? उद्या लिहून देतो, माझी चूक म्हणून. नदी आता झेपत नाही मला." मी म्हणालो, "डोळे तपासून घ्या आधी." तर म्हणाले, "तू खोटं बोलणार नाहीस, एवढं मला दिसतं. तेवढ्याला पुरतात डोळे." मी कपडे दिले आणि निघालो.

मी खोटे बोललो नव्हतो. दाजीही खोटे बोलत नाहीत. मग दोन खरी माणसे दोन वेगळ्या गोष्टी कशा सांगतात, हे मला कळेना. हातातली कामे सोडून मी दहा वाजता नदीवर गेलो. आधी वरच्या दगडावर, दाजी राफ्ट थांबवतात तिथे उभा राहिलो. पात्यासारखे दिसेल असे काही, फांदी, फळी, पक्षी, आहे का बघितले. काही नव्हते. मग खाली खडकाच्या मागे गेलो आणि परवा केले ते सगळे तसेच पुन्हा करून बघितले. कयाक ओढली. खड्ड्याकडे निघालो. वाकायच्या आधी हातातले वल्हे ठेवायचे होते. आडवे ठेवले असते तर चढत्या पाण्याने नेले असते.

खड्ड्याशेजारी खडकाला एक चीर आहे. चिरेच्या दोन्ही कडांना पिवळा रंग घासला होता. कॅम्पमध्ये पिवळे वल्हे एकच आहे, माझे.

नंतर वल्हे चिरेत घातले. ते घट्ट बसले, सरळ उभे. वरच्या दगडावर जाऊन बघितले. पाते खडकाच्या वर दिसत होते.

ताई तेव्हा कॅम्पमध्ये गाडी धूत होती. तिला सांगितले. तिने नळ बंद केला. म्हणाली, "तुझ्या दाजींना बोललास?"

"नाही. त्यांना सांगितलं तर ते गप्प बस म्हणतील. मी आधी ठाण्यात सांगतो."

"म्हणतीलच. तुझ्यापेक्षा जास्त हट्टी आहेत." मग तिने मला गाडीत बसायला सांगितले आणि ठाण्यावर आणून सोडले.

अधिकारीबाई म्हणाल्या, "तू त्याचा मेहुणा. तो उद्या चूक कबूल करणार, आणि आज तुला हे आठवलं. मी का विश्वास ठेवू?" मी म्हणालो, नका ठेवू, येऊन बघा. आज सकाळी त्या नदीवर आल्या. सोबत जीपचा ड्रायव्हर होता. त्याने आयुष्यात कधी राफ्ट बघितलेली नाही आणि प्रकरणातले त्याला काही माहीत नव्हते. बाईंनी त्याला फक्त तीन खुणा सांगितल्या, आडवे म्हणजे काय, उभे म्हणजे काय आणि काहीच नसले तर काय. मग त्याला वॉकीटॉकी देऊन वरच्या दगडावर पाठवले. दहा चाळीसला मी वल्हे चिरेत घातले आणि पोटावर झोपलो. बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी वॉकीटॉकीवर विचारले, "काय दिसतंय?"

ड्रायव्हर म्हणाला, "वल्हं उभं आहे मॅडम. माणूस दिसत नाही."

"तू राफ्टवर असतास तर?"

"गेलो असतो की. तो बोलावतोय ना."

बाईंनी ते लिहून घेतले. मग चिरेचा फोटो काढला आणि वल्हे पंचनाम्यात जमा केले.

तरी मी सांगतो की, वाट न बघता मी खड्ड्याकडे गेलो. वल्हे मी उभे ठेवले. वाऱ्याने किंवा पाण्याने ते उभे झालेले नाही, दुसऱ्या कुणी ठेवलेले नाही. दाजींनी जे बघितले ते बरोबर बघितले आणि जे केले ते खुणेप्रमाणे केले. त्यांच्या डोळ्यांत दोष नाही. माझे कयाकचे परवाना-कार्ड जाईल आणि मला मायदेशी परत पाठवतील, हे बाईंनी मला समजावून सांगितले आहे, मला समजले आहे. पोस्टमनना भेटायची परवानगी मागितली आहे. दाजी हा कागद बघतील तेव्हा, पोर आहे, घाबरला असेल, यातले थोडे खोडा, असे म्हणतील. खोडू नये.

दुभाषीबाईंनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी माझे शुद्धलेखन त्यांनी सुधारले, बाकी मी लिहिले तेच आहे आणि घडले तेच आहे. सही केली. शेजारच्या खोलीत दाजींना सोडण्याचे कागद होत आहेत. मला इथेच बसून राहायला सांगितले आहे.