मापाचा ब्लाऊज

हॅलो?

हां आई, बोल. निघालीस का? … मग मशीनचा आवाज कसा येतोय अजून? … अगं, दोन वीस झाले. तीनला माझी परीक्षा. आत्ता रिक्षा पकडलीस तरच मनवेलपाड्याहून चंदनसारला वेळेत पोचशील.

काय? … येत नाहीस म्हणजे?

कालच तर म्हणालीस, मी येते, ज्ञानूला घेऊन बसते, तू बिनधास्त लिही… थांब थांब. सासूबाईंचा फोन आला होता ना तुला? … खरं सांग. … वाटलंच मला. स्वतः सकाळीच गोखिवऱ्याला गेल्या लेकीकडे, आणि जाता जाता तुला फोन. काय म्हणाल्या? … "समजवा जरा नेत्राला." हं. आणि तू हो म्हणालीस!

नाही, ओरडत नाहीये. ओरडेन कशी, ज्ञानू मांडीवर झोपलीये.

हो… हो… अगं ऐक ना… ऑफिसवाले हलकं काम देतायत, माहितीये मला. दिवसाला दोन तक्ते भरायचे नि पाठवायचे. सहा वर्षं प्रोग्राम लिहिलेत मी, आई. सहा वर्षं! बाळंतपणाची रजा संपवून परत गेले तर प्रितेश सर म्हणतात, नवीन टीमची पद्धत वेगळी आहे, घरचं बघून तुला झेपायचं नाही. … चांगलेच आहेत गं सर. चांगलेच असतात सगळे. चांगुलपणानेच तर बाजूला बसवतात.

हो, चुकले होते. त्यांनी नमुन्याला दिलेल्या कामात चुकले, मी कुठे लपवतेय? भांडून मागून घेतलीये आजची संधी. घरूनच, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर तासभर प्रोग्राम लिहून दाखवायचा. जमलं तर नवीन टीम, नाही तर तक्ते.

काय चुकलं ते… सांगू? नाही, तुला कळेल. तुलाच कळेल. पाय काढ मशीनवरचा.

फेलिशियाचा ब्लाऊज आठवतो? … तोच, मापाचा. … आता हसतेस, तेव्हा रडली होतीस. तिचे तीन शिवायचे होते. तिची मावशी म्हणाली, एकाचा दंड जरा सैल ठेव. आणि तू नवीन कापडात सैल करायचं सोडून मापाचाच उसवून बसलीस. मग? … मग काय झालं ते सांग ना. … बरोबर. पुढचे दोन्हीही ढगळे. का, तर ज्यावरून माप घ्यायचं तेच तू बदलून ठेवलेलंस.

तस्संच केलं मी. औषधांच्या गोदामाची यादी होती, मुदत संपलेली औषधं वेगळी काढायची होती. मी मूळ यादीतूनच उचलून टाकली. तीच यादी पुढे आणखी दोन प्रोग्रामना लागणार होती. दोघांचे आकडे चुकले. … सवय गं, जुनी. सहा वर्षं असंच करत आले नि मग निस्तरत आले.

नवीन पद्धतीत मूळ यादीला हातच लावायचा नाही. हवं ते त्यातून गाळून घ्यायचं, त्याची वेगळी यादी करायची. जुनी जिथल्या तिथे. … हो! हो, तेच म्हणतेय मी! तुझा लाल दोरा! त्या भानगडीनंतर मापाच्या प्रत्येक ब्लाऊजला लाल दोरा, याला कात्री लागणार नाही. शाळेतून आल्यावर बांधायचं कोण? मीच ना. नवीन टीम ज्या कॉटलिन भाषेत प्रोग्राम लिहिते, तिच्यात तसा दोरा बांधायची सोय आहे. कुणी बदलायला गेलं की तीच अडवते.

आणि कामं बारीक बारीक तोडायची. तुझ्या हाताखालची जागृती नाही का, ब्लाऊज हातात आला की हुक लावते नि पुढे देते. कुणाचा, कशाला, कधी घालणार, काही विचारत नाही. दहा वेळा दिलास तरी हुक तसेच. तशा लहान लहान जागृत्या बसवायच्या ओळीने. … तिला नको सांगूस, फुगेल.

कधी शिकले? … ही झोपते तेव्हा. सकाळी तासभर, दुपारी मिळेल तेवढं. मोबाईलवर शिकवणीचा व्हिडिओ लावून तो रव्याच्या डब्याला टेकवायचा, आवाज बंद, खालच्या ओळी वाचायच्या. एका हाताने लिहायचं, एकाने थोपटायचं. पाच वेळा डोक्यावरून गेलं, आई. सहाव्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला, हिचा पापाच घेतला. उठली ना भोकाड पसरून! पुन्हा निजवेपर्यंत कळलेलं विसरले.

अनुज? तुझा जावई म्हणतो, तुला पटेल ते कर. … हो, हा पाठिंबाच आहे. ऑफिसात बसून दिलेला.

काय म्हणाल्या सासूबाई? पुन्हा सांग. … "आई झाल्यावर बाईने स्वतःला थोडं बदलायला नको का?"

आई, ऐक माझं. मध्ये बोलू नकोस. ज्ञानू हे नवीन कापड आहे. तिच्यासाठी हवं तेवढं शिवीन मी, बोटं दुखेपर्यंत शिवीन. पण त्यासाठी नेत्रा का उसवायची? ही झाल्यापासून जो येतो तो कात्री घेऊनच येतो. इथे जरा सैल सोड, तिथे जरा दुमड. सरांना नाही उसवू देणार, सासूबाईंना नाही… तुलाही नाही.

आई?

… रडतेस? … मग मशीन का सुरू केलंस पुन्हा?

बरं, नको येऊस. मी हिला मांडीवर घेऊन बसेन. रडली तर रडू दे, ऐकू देत सगळ्यांना. पण परीक्षा पुढे ढकलणार नाही, आणि तक्ते तर मुळीच भरणार नाही. त्यांना तसं… अगं, उठली बघ. ओ ओ ओ, माझी बाय ती… आजी आहे गं फोनवर, आजी…

आई, मशीन बंद झालं का तुझं? … जागृतीला काय सांगतेयस? … गिऱ्हाईक आलं तर काय? … अगं, फोन तोंडाजवळ धर ना. हॅलो? … हॅलो?

कट झाला.

चल ज्ञानू, दाराची कडी काढून ठेवू. आजी निघाली बहुतेक. … नसली निघाली तरी आपण बसायचं. हां, तो लॅपटॉप चावू नकोस, त्यावर आईला लिहायचंय.