बोडीतला चिखल

— नाही, तसं नका लिहू डॉक्टरीणबाई. 'गव्याचं वासरू उन्हानं मेलं' — हे तुमच्या साहेबानं सांगतलं असन. तो गाडीतून उतरला तरी का? मी त्या वासराचं तोंड उघडून पाहिलं. जीभ सोललेली, खुरं फाटलेली — ऊन जीभ सोलते का? आणि त्याची माय — ते पाहा, पळसाखाली — सकाळपासून पाय टेकवत नाही, लाळ गळून राहिली. रानगवा असला म्हणून काय झालं, खुरकूत ते खुरकूतच. साठ वर्षं बैल पाळले मी, उमराव कोहळी म्हणतात मले. ही बोडी — हे समोरचं तळं — माझ्या आज्यानं खोदली.

कुठून आलं? मले काय माहीत कुठून आलं. पहिले जंगलातले नाले मे महिन्यापर्यंत वाहत होते. यंदा दसऱ्यापासून थेंब नाही, फागुनातच नाल्यातली रेती तापली. जंगलातल्या पाणवठ्याचा पंप होळीपासून बंद — तीनदा सांगून आलो, वनखात्याचा बाबू म्हणते, उमरावजी, तुमची बोडी आहे ना. म्हणून तं तीस-तीस गवे इथं येऊन राहिले. पहिले नव्हते येत. त्यांचं तिकडं भागत होतं, आमचं इकडं. आमचे बैल दुखले तं आमचेच दुखले, त्यांचं काही —

असं काऊन पाहता? कोणता बैल?

होता एक. लाल्या. तोंड आलं, लंगडाले लागला. मंग आमी काय करतो — बापानं दाखवलं तेच — बोडीत नेऊन गुडघाभर चिखलात उभा करायचा, सकाळ-सांज. खुरं थंड राहतात, अळ्या पडत नाहीत. पाच दिवस केला. बैल चांगला झाला, परसात कडबा खाऊन राहिला. साऱ्या गावानं आजवर हेच केलं, जंगलाले काही झालं नाही — पण तेव्हा बोडी भरलेली राहे ना. यंदा उरलं अंगणाएवढं डबकं. त्यातच लाल्याची लाळ, त्यातच गव्यांची तोंडं. घरवालीनं, धुरपतानं, म्हटलंही होतं — गवे पेतात तिथं नका नेऊ. मी म्हटलं, बोडी कोणाची आहे?

लस? दवाखान्याचे लोक आले होते ना टोचाले. मी लाल्याले मागच्या कोठ्यात नेऊन बांधला. लसीनं बैल ढिला पडते, सारेच म्हणतात. मीही म्हटलं.

लिहा. माझंच नाव लिहा, बाबूचं राहू द्या. पण हे सांगा — बाकीचे वाचतीन का? चुना टाकू? काटे लावू? सांगान ते करतो, आत्ता करतो. चार कोसात दुसरं पाणी नाही, बाई. पेलं तं बिमारी, नाही पेलं तं — तुमी शिकलेल्या आहा, तुमी सांगा. वही काऊन मिटून राहिल्या? शिव्या तरी द्या.

गाडीकडं निघाल्या का?

बरं. जा तुमी. गाडी त्या अंगानं न्या, ती माय बिचकन. आजपासून मी काठी घेऊन बसतो बोडीच्या पाळीवर — माणूस दिसला तं ते पाण्याले उतरत नाहीत. तसेच तहानलेले मागं फिरतीन. कुठं जातीन, ते मले नका सांगू. जा.